भाग ३१ : खुन्नस

(पॉडकास्टच्या ३१व्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'काय ते' कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत का? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज मला जरा तावातावानं बोलायचंय.

आज विषय आहे डोक्यात जाणाऱ्या माणसांचा. आपल्या ओळखीतल्या नाही हं, त्यांच्यावर बोलायला गेलो तर तीन तास पुरायचे नाहीत. बास्केटबॉल खेळणाऱ्या अशा माणसांबद्दल, ज्यांना आपण कधी भेटलो नाही, भेटणारही नाही, ज्यांनी आपलं पाच पैशाचं नुकसान केलेलं नाही, आणि तरी स्क्रीनवर त्यांचा चेहरा दिसला की आपण म्हणतो, 'आला हा परत!'

गेल्या महिन्यात मी विचारलं होतं की एनबीएमधला तुमचा आवडता प्लेअर कोण. उत्तरं आली, ठीकठाक आली. मग एकानं न विचारता लिहिलं की मला कोण आवडत नाही ते सांगतो. आणि त्यानंतर जो धबधबा सुरू झाला! लोकांनी तीन-तीन मिनिटांच्या व्हॉइस नोट्स पाठवल्या. आवडत्या माणसाबद्दल दोन ओळी आणि नावडत्याबद्दल तीन मिनिटं. तेव्हाच ठरवलं की यावर एक भाग करायचाच.

तर चला न्यूयॉर्कला. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, २३ मे २०२१. न्यूयॉर्क निक्स तब्बल आठ वर्षांनी प्लेऑफमध्ये आलेत. कोविडनंतर पहिल्यांदाच एवढे लोक आत सोडलेत, पंधरा हजारांच्या आसपास. समोर अटलांटा हॉक्स आणि त्यांचा बावीस वर्षांचा पॉइंट गार्ड ट्रे यंग. त्याच्या आयुष्यातली ही पहिली प्लेऑफ मॅच. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे एनबीएच्या हिशेबात बुटकाच. आणि ते अख्खं स्टेडियम त्याला एका सुरात शिवी देतंय. एकदा नाही, पूर्ण मॅचभर. शिवी इथे सांगत नाही, काही जण हा पॉडकास्ट आईबरोबर स्वयंपाकघरात ऐकतात हे मला माहीत आहे.

आता हा माणूस एवढा का डोक्यात जायचा? त्याची एक खोड होती. बॉल घेऊन पळताना तो मध्येच करकचून ब्रेक मारायचा. मागून येणारा डिफेंडर त्याच्यावर आदळायचा, शिट्टी वाजायची, याला फ्री थ्रो. नियमात बसणारी गोष्ट. पण बघणाऱ्याला ती चिडकी वाटते. आपल्या गल्लीत एक जण असायचा ना, जरा धक्का लागला की 'फाऊल, फाऊल' ओरडत बसणारा? तोच. न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या महापौरांनी, बिल डी ब्लासिओंनी, चक्क कोविडच्या सरकारी पत्रकार परिषदेत सांगितलं की ट्रे, फाऊल शोधत फिरणं बंद कर. शहराचा महापौर!

तर पहिली मॅच. १०५-१०५. ट्रे यंगनं शेवटच्या क्षणी डिफेन्स फोडला, फ्लोटर टाकला, आत. घड्याळात ०.९ सेकंद शिल्लक. हॉक्स १०७, निक्स १०५. आणि त्या पोरानं काय केलं? तोंडावर बोट ठेवलं. शूऽऽऽ.

सिरीज हॉक्सनी ४-१ अशी जिंकली. शेवटच्या मॅचमध्ये, त्याच गार्डनमध्ये, ट्रे यंगनं लांबून एक थ्री मारला आणि कोर्टाच्या मधोमध कमरेत वाकून नमस्कार केला, नाटक संपल्यावर नट करतात तसा. लोक खवळले. पण गंमत अशी की पुढे सप्टेंबरमध्ये तो परत गार्डनमध्ये आला, कशासाठी माहितीये? डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीच्या शोमध्ये व्हिलन म्हणून. लोकांनी परत हुर्यो उडवला, त्यानं परत मजा घेतली. मग २०२४च्या डिसेंबरमध्ये हॉक्स परत तिथे जिंकले, तर ह्यानं निक्सच्या लोगोवर बसून खोटे खोटे फासे टाकले. आणि निक्सचे चाहते? हॉक्सचा संबंध नसलेल्या मॅचमध्येही त्याच्या नावानं शिवी देत राहिले. तो हजर नसतानासुद्धा!

आता मला हे जे आहे ना, याला मी द्वेष म्हणणार नाही. आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे. खुन्नस. खुन्नस द्यायची असते, घ्यायची असते. म्हणजे ती दोन्हीकडून चालते. समोरचा उभा असतो, त्यानंही डोळे रोखलेले असतात. ट्रे यंग आणि गार्डन यांच्यात खुन्नस आहे. त्यांनी शिवी दिली, यानं बोट ठेवलं. त्यांनी हुर्यो केला, यानं वाकून नमस्कार केला. हिशेब चालू आहे.

आणि हा हिशेब ट्रे यंगच्या जन्माआधीपासून चालू आहे. न्यूयॉर्कला असा एक माणूस लागतोच. नव्वदच्या दशकात तो होता रेजी मिलर, इंडियाना पेसर्सचा. १ जून १९९४ ला गार्डनमध्ये त्यानं एका चौथ्या क्वार्टरमध्ये २५ पॉइंट मारले. आणि हे सगळं करताना तो बोलत कुणाशी होता, तर कोर्टाच्या कडेला बसलेल्या स्पाइक ली या फिल्म डायरेक्टरशी. स्वतःच्या गळ्याला हात लावून खूण केली, की तुमच्या टीमचा घसा दाबला गेलाय. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये लोक मिलरइतकेच स्पाइक लीवर भडकले, की कशाला झोपलेल्या वाघाला काठी मारलीस! ती सिरीज शेवटी निक्सच जिंकले, हे सांगायला हवं, नाहीतर निक्सवाले मला मेसेज करतील. पण पुढच्याच वर्षी, ७ मे १९९५, मिलरनं शेवटच्या काही सेकंदांत ८.९ सेकंदांत ८ पॉइंट केले. तुम्ही बुटाची लेस बांधेपर्यंत आठ पॉइंट. त्या मॅचचा स्कोअर सांगू? १०७-१०५. तोच, जो ट्रे यंगच्या मॅचचा. हा योगायोग निक्सच्या चाहत्यांना आवडत नाही.

आणि मग २१ मे २०२५. परत गार्डन, परत पेसर्स. निक्स पावणेतीन मिनिटं शिल्लक असताना १४ पॉइंटनी पुढे. पेसर्स चढत चढत आले आणि शेवटच्या शॉटला टायरीस हॅलिबर्टननं मारलेला बॉल रिंगला लागून इतका वर उडाला की सगळे मान वर करून बघत राहिले, आणि तो सरळ खाली आत. त्याला वाटलं थ्री आहे, जिंकलो. त्यानं गळ्याला हात लावला, मिलरची खूण. पाय रेषेवर होता, त्यामुळे दोनच पॉइंट, स्कोअर बरोबरीत, पण ओव्हरटाइममध्ये पेसर्स जिंकलेच, १३८-१३५. आणि त्या रात्री टीव्हीवर कॉमेंट्री कोण करत होतं? रेजी मिलर. एकतीस वर्षांपूर्वीचा दुश्मन, त्याच बिल्डिंगमध्ये, कानाला हेडफोन लावून. मी ते बघताना खुर्चीवरून उठलो होतो. पहाटेची वेळ, घरात सगळे झोपलेले, ओरडता येत नाही. अमेरिकेत संध्याकाळी साडेसात-आठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे पाच-साडेपाच. एनबीएचा भारतीय चाहता हा मुका चाहता असतो, हे माझं जुनं मत आहे.

बरं, हा झाला दुश्मन. दुसरा प्रकार जास्त जळजळीत आहे. गद्दार.

हा शब्द महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत इतका वापरलाय की गुळगुळीत झालाय, आणि मी राजकारणावर जाणार नाही. क्लीव्हलँडवर जातो. लेब्रॉन जेम्स शेजारच्या ॲक्रन गावचा पोरगा. क्लीव्हलँड म्हणजे कारखाने बंद पडलेलं, लोक सोडून चाललेलं शहर. १९६४ नंतर त्यांच्या एकाही मोठ्या टीमनं काही जिंकलेलं नाही. तिथे घरचंच पोर जगातला सर्वोत्तम खेळाडू निघतं. डाउनटाउनमध्ये त्याचा दहा मजली फ्लेक्स. आपल्या नेत्यांचे फ्लेक्स त्याच्यापुढे व्हिजिटिंग कार्ड. आणि ८ जुलै २०१० ला तो पोरगा एका तासाच्या टीव्ही कार्यक्रमात सांगतो की मी मायामीला चाललोय. टीमला नीट आधी सांगितलं असतं, पत्रक काढलं असतं, तर दुखलं असतं पण पचलं असतं. पण हे म्हणजे साखरपुडा मोडायला हॉल बुक करून केटरिंग लावल्यासारखं झालं.

त्या रात्री लोकांनी त्याच्या जर्सी रस्त्यावर जाळल्या. दोन दिवसांत तो फ्लेक्स उतरवायला घेतला. टीमचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी चाहत्यांना जाहीर पत्र लिहिलं, त्यात लेब्रॉनला घाबरट, विश्वासघातकी काय काय म्हटलं. आणि ते पत्र टाइप केलं होतं कॉमिक सॅन्समध्ये! एवढा राग, आणि फाँट बालवाडीच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणाचा. पत्रात त्यांनी हमी दिली होती की 'राजा'च्या आधी क्लीव्हलँड चॅम्पियन होईल. मायामी २०१२ ला झाली, २०१३ लाही झाली.

पण मला त्या सगळ्यातली खरी रात्र वाटते ती २ डिसेंबर २०१०. लेब्रॉन मायामीच्या जर्सीत पहिल्यांदा क्लीव्हलँडला खेळायला आला. त्यानं बॉलला हात लावला की हुर्यो. पाणी प्यायला तरी हुर्यो. पोलीस बंदोबस्त वाढवलेला. आणि त्यानं ३८ पॉइंट मारले, मायामी ११८-९० नी जिंकली. चौथ्या क्वार्टरमध्ये तो खेळलासुद्धा नाही, गरजच पडली नाही. तुम्ही वीस हजार लोक घसा फोडून सांगताय की तू आमचा घात केलास, आणि तो शांतपणे येऊन दाखवतो की तुम्ही नेमकं काय गमावलंय. यापेक्षा क्रूर उत्तर असू शकत नाही. पण उत्तर होतं ते. समोर उभं राहून दिलेलं.

चार वर्षांनी तो परत आला. २०१६ ला फायनलमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध ३-१ असे मागे असताना क्लीव्हलँडनं तीन मॅच सलग जिंकल्या. बावन्न वर्षांनी. विजययात्रेत दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी सहा वर्षांपूर्वी जर्सी पेटवली असणार. काडी लावणारे हात तेच.

(आपल्याकडे हार्दिक पंड्याचं काय झालं आठवतंय ना? २०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर घरच्याच कॅप्टनचा हुर्यो. आणि जुलैमध्ये वर्ल्ड कप घेऊन आल्यावर त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर. मध्ये फक्त तीन महिने. क्लीव्हलँडनं निदान सहा वर्षं घेतली.)

केव्हिन ड्युरंटचं प्रकरण याच्यापुढे लवकर आटोपतो. २०१६ ला ओक्लाहोमा सिटी सोडून ज्या वॉरियर्सनी नुकतंच हरवलं त्यांच्याकडेच गेला. पुढच्या फेब्रुवारीत तो तिथे खेळायला आला तेव्हा लोक कपकेकचे पोशाख घालून बसले होते, कारण 'कपकेक' म्हणजे मऊ, लेचापेचा. मला हा हुर्यो आवडतो. कुणीतरी घरी बसून पुठ्ठा कापून कपकेक शिवलाय! रागात एवढी मेहनत असेल तर माझा आक्षेप नाही. ड्युरंटनं ३४ पॉइंट मारले आणि वॉरियर्स जिंकले, हे वेगळं.

आता थोडं मागे जाऊया, कारण एक मॅच मला सांगायचीच आहे. मे १९८२, बोस्टन. ईस्टची फायनल, सातवी मॅच. बोस्टन सेल्टिक्स विरुद्ध फिलाडेल्फिया. ही खुन्नस त्या काळातली मोठी. आधीच्या वर्षी फिलाडेल्फिया ३-१ नी पुढे असताना बोस्टननं सिरीज फिरवली होती. या वर्षीही ३-१ वरून ३-३ केलं. सातवी मॅच बोस्टनच्या घरी. सगळ्यांना वाटलं, झालं, फिलाडेल्फिया परत गळाठणार. पण उलटं झालं. फिलाडेल्फिया पुढे, पुढे, पुढे. शेवटच्या काही मिनिटांत कळून चुकलं की आपण हरतोय. आणि तेव्हा बोस्टनच्या लोकांनी एक घोषणा सुरू केली. स्वतःच्या टीमसाठी नाही. ज्यांनी आत्ता, डोळ्यांसमोर, आपल्याला घरात हरवलंय त्या फिलाडेल्फियासाठी. 'बीट एल.ए.! बीट एल.ए.!' म्हणजे आम्हाला हरवलंत ना, आता जा आणि त्या लॉस एंजेलिसला हरवा.

हा किस्सा सहसा बोस्टनकरांच्या मोठ्या मनाचा म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्यांचं लेकर्सशी वाकडं इतकं जुनं होतं की शेजाऱ्याशी भांडण त्यापुढे बारीक वाटलं. साठच्या दशकात या दोघांच्या सहा फायनल झाल्या, सगळ्या बोस्टननं जिंकल्या. म्हणजे जिंकूनसुद्धा यांचा राग शमलेला नाही! असो. फिलाडेल्फिया त्या वर्षी लेकर्सकडून हरली. पण ती घोषणा आज कितीतरी शहरांत देतात, आणि देणाऱ्यांना माहीतही नसतं की ती हरणाऱ्यांनी, जिंकणाऱ्यांसाठी दिली होती.

आणि त्या दोन टीमचे दोन चेहरे, लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सन. १९८४ च्या फायनलमध्ये बोस्टन गार्डनला एसी नव्हता, पाचव्या मॅचला आत छत्तीस डिग्री, करीम अब्दुल-जब्बार बाजूला बसून ऑक्सिजन घेतोय. इतकी टोकाची लढाई. दोघं एकमेकांशी धड बोलायचे नाहीत. १९८५ ला बुटांच्या एका जाहिरातीसाठी मॅजिकला बर्डच्या गावी जावं लागलं, फ्रेंच लिक, इंडियाना. जेवणाची सुट्टी झाली तर बर्डच्या आईनं मॅजिकला घरी जेवायला बसवलं. आता आईनं जेवायला वाढल्यावर खुन्नस किती टिकणार! दोघांची दोस्ती झाली ती कायमची. १९९१ ला मॅजिकला एचआयव्ही असल्याचं जाहीर झालं तेव्हा बर्डनं त्याला फोन केला. चाहते मात्र भांडतच होते. त्यांना कुणी जेवायला बोलावलं नव्हतं.

पण आता मला तो भाग बोलायचाय ज्यात गंमत नाही.

त्याच बोस्टनमध्ये, साठच्या दशकात, बिल रसेल खेळायचा. तेरा सीझनमध्ये अकरा चॅम्पियनशिप. जगात कुठल्याही खेळात असा हिशेब क्वचित सापडेल. काळा माणूस, बोस्टनजवळच्या रेडिंग नावाच्या गोऱ्या वस्तीत राहायचा. लोक त्याच्या घरात घुसले. भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, ट्रॉफ्या फोडल्या आणि त्याच्या पलंगावर घाण करून गेले. त्याची मुलगी कॅरन रसेल हिनं १९८७ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये हे लिहिलं. हा विरोधी टीमचा नव्हता हो! यांचाच होता. यांना जिंकून देत होता. १९७२ ला त्याच्या नंबरची जर्सी स्टेडियमच्या छताला लावायचं ठरलं, तेव्हा रसेलनं ती रिकाम्या स्टेडियममध्ये, फक्त सहकाऱ्यांसमोर लावून घेतली. प्रेक्षक आत यायच्या आधी.

म्हणजे बघा, रसेलच्या बाबतीत जे झालं त्याला खुन्नस म्हणता येत नाही. खेळाशी त्याचा संबंधच नाही. लोकांच्या मनात जे आधीच साचलेलं असतं ते खेळाच्या निमित्तानं बाहेर काढतात, आणि विचारलं की म्हणतात, 'अरे, आम्ही फॅन आहोत, एवढं तर चालतं.'

२०१९ ला यूटामध्ये रसेल वेस्टब्रूकला एका प्रेक्षकानं असंच काही म्हटलं. यूटा जॅझनं त्या माणसावर कायमची बंदी घातली आणि पुढच्या मॅचआधी मालकीणबाई गेल मिलर स्वतः कोर्टवर माइक घेऊन उभ्या राहिल्या, स्वतःच्याच प्रेक्षकांना समज द्यायला. आणि २६ मे २०२१ ची एक रात्र घ्या. न्यूयॉर्कमध्ये ट्रे यंग साइडलाइनला बॉल टाकायला उभा होता, तर मागून एक जण त्याच्यावर थुंकला. कोविडच्या काळात! त्याच रात्री फिलाडेल्फियात वेस्टब्रूक दुखऱ्या पायानं आत चालला होता, त्याच्या डोक्यावर वरून पॉपकॉर्न ओतले. त्याच रात्री यूटामध्ये जा मोरँटच्या आईवडिलांना काही प्रेक्षकांनी इतकं वाईट बोललं की त्यांना बाहेर काढावं लागलं. चार दिवसांनी बोस्टनमध्ये कायरी अर्विंगच्या दिशेनं बाटली. एका आठवड्यात चार. वर्षभर घरात कोंडलेले लोक बाहेर आले आणि हे घेऊन आले.

तोंडावर बोट ठेवणारा ट्रे यंग आणि थुंकी पुसणारा ट्रे यंग यांच्यात तीन दिवसांचं अंतर आहे. शिवीला त्याच्याकडे उत्तर होतं. थुंकीला काय उत्तर देणार? दिलं तर काय होतं तेही एनबीएनं पाहिलंय. १९ नोव्हेंबर २००४, डेट्रॉइटजवळचं पॅलेस स्टेडियम. स्टँडमधून एक पेयाचा कप रॉन आर्टेस्टच्या अंगावर पडला, तो उठून थेट प्रेक्षकांत घुसला, आणि जी मारामारी झाली ती अजून दाखवतात. आर्टेस्ट उरलेल्या अख्ख्या सीझनला बाहेर, ८६ मॅच. मॅच संपायला ४५.९ सेकंद राहिले होते, पेसर्स जिंकतच होते.

माझा मुद्दा इथे आहे. स्टेडियममधल्या रागाला कुंपण असतं. अडीच तास, एक तिकीट, एक सीट नंबर. समोरचा माणूस तुम्हाला ऐकतो, आणि तो उत्तर देऊ शकतो, बॉल रिंगमध्ये टाकून. कुंपण ओलांडलंत तर सिक्युरिटी कॉलर धरते. फोनमध्ये यातलं काहीच नाही. मॅच संपत नाही. सीट नंबर नाही. समोरच्याचा चेहराही नाही.

आणि अमेरिकेत यात आता पैसा आलाय. २०१८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं राज्यांना बेटिंगची मोकळीक दिली. मार्च २०२४ मध्ये क्लीव्हलँडचे तेव्हाचे कोच जे.बी. बिकरस्टाफ यांनी सांगितलं की बेटिंग करणाऱ्यांनी त्यांचा फोन नंबर मिळवला आणि ते मेसेज करतात, तू कुठे राहतोस माहितीये, तुझी पोरं माहितीयेत. याला टीमशी, शहराशी काही देणंघेणं नाही. कोचनं आपला प्लेअर दोन मिनिटं आधी बसवला आणि कुणाचे तरी पैसे गेले, एवढंच. त्याच सुमारास हॅलिबर्टन म्हणाला की अर्ध्या जगासाठी मी म्हणजे फक्त पैसे लावायचं साधन आहे. जर्सी जाळणाऱ्या क्लीव्हलँडकराला लेब्रॉन हवा होता म्हणून त्यानं जाळली. या लोकांना कुणीच नकोय. मला ते जर्सी जाळणारे बरे वाटतात, खरं सांगतो.

आता आपण. तुम्ही आणि मी. आपलं काय नातं आहे बोस्टनशी?

माझंच सांगतो. मी सॅक्रमेंटो किंग्जचा चाहता. हसू नका. ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या भारतातल्या पहिल्या मॅच झाल्या, पेसर्स विरुद्ध किंग्ज. मी दुसरी मॅच बघितली. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, मुंबईत वाढलेला माणूस. एवढं पुरलं मला. किंग्ज त्या दिवशी हरले, मी त्यांचाच झालो. आणि किंग्ज घेतले की सोबत मोफत काय मिळतं? लेकर्सबद्दलचा राग.

तो राग २००२ चा आहे. वेस्टची फायनल. चौथ्या मॅचला किंग्ज एका वेळी २४ नी पुढे होते. शेवटच्या क्षणी व्लादे डिवाचनं बॉल बाहेर ढकलला, तो नेमका रॉबर्ट हॉरीच्या हातात, त्यानं बझरवर थ्री मारला, लेकर्स १००-९९. सहाव्या मॅचला लेकर्सना एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये २७ फ्री थ्रो मिळाले. सत्तावीस! राल्फ नेडर, जो राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला माणूस, त्यानं लीगच्या कमिशनरला पत्र लिहिलं. सातवी मॅच ओव्हरटाइममध्ये गेली. त्यानंतर किंग्ज फायनलच्या इतके जवळ कधी आलेच नाहीत. २००६ नंतर तर सोळा सीझन प्लेऑफसुद्धा नाही.

२००२ ला मी चार वर्षांचा होतो आणि बास्केटबॉल म्हणजे काय हेही मला ठाऊक नव्हतं. पण आज हॉरीचा तो शॉट लागला की मी स्क्रीन पुढे ढकलतो. हा राग मला वारशात मिळालाय, पण मी तो मॅच बघून घेतलाय. ती अख्खी सिरीज बसून बघितली, सातही मॅच. आणि बघितल्यावर हेही दिसतं की हॉरीचा तो शॉट फार देखणा होता आणि सातव्या मॅचला किंग्जनी स्वतःच फ्री थ्रोची माती केली. राग कमी होत नाही हं त्यानं. पण त्याला आकार येतो.

मेंदूवाल्यांनी यावर काम केलंय. मीना चिकारा आणि सहकाऱ्यांनी २०११ साली बेसबॉलच्या कट्टर चाहत्यांना, यँकीज आणि रेड सॉक्सच्या, स्कॅनरमध्ये झोपवून खेळाचे प्रसंग दाखवले. नावडती टीम चुकली की मेंदूतला आनंदाशी जोडलेला भाग पेटतो. आपल्या टीमविरुद्ध चुकली तर ठीक, पण तिसऱ्याच कुणाविरुद्ध चुकली तरी पेटतो! आणि ज्यांच्यात तो जास्त पेटला, त्यांनीच विरोधी चाहत्याला इजा करण्याची शक्यता स्वतःबद्दल जास्त सांगितली. म्हणजे तो जो गोड आनंद आहे ना, 'हरले बघ साले' वाला, त्याच्या शेजारीच दुसरी खोली आहे.

एक शेवटचा किस्सा, मग थांबतो. डिलन ब्रूक्स. २०२३ च्या प्लेऑफमध्ये मेम्फिसकडून खेळताना म्हणाला, लेब्रॉन म्हातारा झालाय, मला कुणी ४० पॉइंट मारून दाखवेपर्यंत मी कुणाला मानत नाही. लेकर्सनी शेवटची मॅच १२५-८५ नी जिंकली. वजाबाकी करा. लगेच मीम. जगभर. त्याच वर्षी तो कॅनडाकडून वर्ल्ड कप खेळायला मनिलाला गेला, आणि फिलिपिनो लोक म्हणजे लेब्रॉनचे, लेकर्सचे वेडे. त्यांनी कॅनडाच्या माणसाचा मनिलात हुर्यो उडवला, कॅलिफोर्नियातल्या टीमसाठी! फोनमधून शिकलेला राग, पण तो घेऊन ते स्टेडियममध्ये आले, तिकीट काढून, तोंड दाखवून. आणि ब्रूक्सनं ब्राँझच्या मॅचमध्ये अमेरिकेविरुद्ध ३९ पॉइंट मारले, सात थ्री. कॅनडा १२७, अमेरिका ११८.

चाळीसला एक कमी. तो तिथेही डोक्यात गेलाच.

तर आता तुमची पाळी. तुम्हाला कोण आवडत नाही, व्हॉइस नोट पाठवा, तीन मिनिटांची चालेल. अट एकच, सोबत मॅच सांगायची. कुठली, कुणाविरुद्ध, कितव्या क्वार्टरला तो तुमच्या डोक्यात गेला. रील पाहून चिडलेल्यांच्या नोट्स मी लावणार नाही. आणि लेकर्सवाल्यांनो, २००२ वर मला काही पाठवायचं असेल तर आधी सहावी मॅच बसून बघा. चौथा क्वार्टर. फ्री थ्रो मोजत मोजत.